गोल टेबल, दोन खुर्च्या आणि पोत्यातलं झुंबर: डीलर म्हणतो रीजन्सी, खरं काय?

खेतवाडी_तिसरी_गल्ली

मंडळी नमस्कार, घाईतला प्रश्न आहे, लांबलं तर सांभाळून घ्या. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करून द्यायच्यात आणि मधल्या काळासाठी जी भाड्याची जागा बघितलीये ती वन बीएचके, म्हणजे निम्मं सामान कुठेतरी जाणारच. पणजोबा गोदीत कारकून होते, त्यांनी म्हणे कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं बिऱ्हाड विलायतेला परत निघालं तेव्हा लिलावात काही वस्तू घेतल्या. त्यातल्या तीन अजून घरात आहेत.

एक म्हणजे गोल टेबल, साधारण चार फुटी, काळपट लाकूड, मध्ये एकच जाड खांब आणि खाली तिकोनी बैठक, तिला पितळेचे सिंहाचे पंजे आणि पंजाखाली छोटी चाकं. वरची फळी खटका काढला की उभी होते, सत्यनारायणाला आजी ती उभी करून भिंतीला लावायची म्हणजे चौरंगाला जागा व्हायची. दुसरं, दोन खुर्च्या. मागचे-पुढचे पाय तलवारीसारखे बाहेर वाकलेले आणि पाठीची आडवी दांडी पिळलेल्या दोरखंडासारखी. वेत कधीच फाटला, आईने त्यावर प्लायवूड आणि स्पंज टाकलाय. तिसरं झुंबर, ते माळ्यावर पोत्यात आहे, आमच्या लहानपणी गणपतीत लागायचं.

आता गंमत ऐका. एका डीलरला बोलावलं, त्याने बघताबघता नाक मुरडलं, "रीजन्सी स्टाइल आहे, ओरिजिनल नाही, सगळ्याचे पंचवीस देतो". मी म्हटलं विचार करून सांगते. रात्री त्याचा फोन, चाळीस. म्हणजे एका संध्याकाळीत पंधरा हजारांनी अँटिक झालं! तर हे रीजन्सी नक्की काय असतं, आपलं आपण कसं ओळखायचं, आणि बहीण कॅनडात आहे तिला खुर्च्या हव्यात, त्या पाठवता येतील का?

रंधा_पटाशी

दादा, डीलरने रात्री भाव वाढवला याचा अर्थ तुमची वस्तू ओरिजिनल आहे असा काढू नका, त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे एवढाच काढा. (मी व्यावसायिक नाही, डोंबिवलीत गॅलरीत बसून जुनं लाकूड दुरुस्त करायचा नाद आहे, बायको वैतागलीये.)

रीजन्सी म्हणजे काय ते आधी सांगतो. राजा तिसरा जॉर्ज वेडसर झाला म्हणून त्याच्या मुलाने १८११ ते १८२० त्याच्या वतीने कारभार केला, तो रीजंट. आपल्याकडे सवाई माधवराव पाळण्यात असताना बारभाईंनी कारभार बघितला, तसंच काहीसं. आणि काळ डोळ्यापुढे आणायचा तर इकडे १८१८ ला पेशवाई बुडाली ना, तेव्हा तिकडे ही फॅशन जोरात होती. फर्निचरवाले मात्र कॅलेंडर एवढं कडक पाळत नाहीत, १७९५ पासून १८३० च्या पुढेपर्यंतच्या मालाला रीजन्सीच म्हणतात. टॉमस होप नावाच्या श्रीमंत हौशी माणसाने १८०७ मध्ये आपल्या घरातल्या फर्निचरची चित्रं छापली, त्यात ग्रीक, रोमन, इजिप्शियन असं सगळं, आणि सुतारांना जणू पॅटर्नबुकच मिळालं. इजिप्त कुठून आलं, तर नेपोलियन १७९८ ला तिकडे गेला होता तिथून, म्हणून टेबलाच्या पायाला स्फिंक्स आणि कमळं.

तुमच्या खुर्चीचे तलवारी पाय हे ग्रीक मडक्यांवरच्या चित्रातून उचललेले. आणि दोरखंडाची दांडी असेल तर तिला ट्रफाल्गर खुर्ची म्हणतात, १८०५ ची आरमारी लढाई जिंकली म्हणून जहाजाचा दोर आला. म्हणजे डिझाइन तर रीजन्सीचंच आहे, त्यात वाद नाही. पण डिझाइन रीजन्सीचं असणं आणि वस्तू त्या काळातली असणं यात शंभर-सव्वाशे वर्षांचं अंतर असू शकतं, कारण ही फॅशन १९२० नंतर इंग्लंडमध्ये परत आली, मग अमेरिकेत हॉलिवूडवाल्यांनी तिला आरसे आणि सोनेरी रंग फासून आणखी चकाचक केली, आणि आपल्या मुंबईत तर सुतारांनी पहिल्यापासूनच नमुना बघून बनवायला सुरुवात केली होती.

आता टॉर्च घ्या आणि टेबलाच्या खाली आडवे व्हा. वरून बघून काही कळत नाही, वरचं सगळं पॉलिशवाल्याच्या हातातलं असतं. चार गोष्टी बघा.

फळीची कड बघा. इंग्लंडात शिसवीसारखं लाकूड बाहेरून यायचं, महाग, म्हणून पाइन किंवा महॉगनीच्या फळीवर त्याचा पातळ पापुद्रा चिकटवायचे. मुंबईत शिसवी म्हणजे मलबार-कर्नाटकातून येणारं घरचं लाकूड, आणि सरस पावसाळ्यात सुटतो, त्यामुळे इथला सुतार सरळ भरीव फळी वापरायचा. भरीव निघालं तर इथलं असण्याची शक्यता मोठी.

स्क्रू. १८५० च्या आसपासपर्यंत लाकडात बसवायच्या स्क्रूला टोक नसायचं, बोथट असायचा, आणि डोक्यावरची खाच हाताने कापलेली म्हणून मध्यावर नसते. एकच काढा, तोही सैल असेल तोच, जबरदस्ती नको.

खालच्या बाजूला तळहात फिरवा. हाताच्या रंध्याने तासलेल्या फळीला हलक्या लाटा लागतात, डोळ्याला दिसत नाहीत पण हाताला कळतात. कमानीसारख्या ओरखड्यांची रांग दिसली तर ती गोल करवत, सहसा नंतरचं काम. प्लायवूड दिसलं तर विषयच संपला.

आणि टेप घ्या. लाकूड रेषेच्या लांबीत आटत नाही, आडवं आटतं, म्हणून दोनशे वर्षांपूर्वी गोल कापलेलं टेबल आज किंचित लंबगोल असतं. रेषेच्या दिशेने आणि आडवं, दोन्ही मापं टाका इथे.

खुर्च्यांचं लाकूड कोणतं आहे? तिथे वेगळी मेख आहे, पण आधी तुम्ही बघा.

फेज_न्यूट्रल

लाकडातलं मला काही कळत नाही, माझं आयुष्य लोहार चाळीत वायर मोजण्यात गेलं. झुंबरावर बोलतो. पहिली गोष्ट, ते पोत्यातून काढून कुणीही उत्साहाने हुकाला टांगू नका आणि प्लग तर अजिबात लावू नका. आत कापडी वेटोळ्याची वायर असेल, तिचं रबर आतून पापडासारखं झालेलं असतं, हात लावला की भुगा पडतो. पितळेच्या सांगाड्याला अर्थिंग नसणार. जुन्या बिल्डिंगीत ते लाकडी तुळईच्या हुकावर लागायचं, नवीन टॉवरमध्ये जिप्समच्या फॉल्स सीलिंगला टांगलंत तर सीलिंगसकट खाली येईल. हुक स्लॅबमध्येच हवा.

आता ते किती जुनं. आकार कसा आहे? वर छोटं कडं, तिथून लोलकांच्या माळा तंबूसारख्या मोठ्या कड्यापर्यंत उतरतात आणि खाली माळांचीच पिशवी होते, असं असेल तर तो आकार रीजन्सीचा. त्या काळी इंग्लंडात काचेवर वजनाने कर होता, १७४५ पासून १८४५ पर्यंत, म्हणजे जाडजूड काचेच्या फांद्या परवडेनात, मग बारीक बारीक लोलकांच्या माळा ओवून मेणबत्तीचा उजेड दसपट केल्यासारखा दाखवायचे. कर उठल्यावर काच भारी आणि भपकेदार झाली. आपल्या संस्थानिकांच्या महालात जी बर्मिंगहॅमची अवाढव्य झुंबरं बघता ती बरीचशी त्या नंतरच्या काळातली.

पण आकार कोणीही नक्कल करतो, म्हणून लोलक हातात घ्या. हाताने कापलेल्या लोलकाच्या कडा बोटाला धारदार लागतात, पैलू एकसारखे नसतात. साच्यातल्या लोलकाच्या कडा गुळगुळीत आणि बाजूला एक बारीक शिवण असते, मोदकाच्या साच्याची रेघ मोदकावर येते ना तशी. फिरोजाबादचे पार्ट घालून रिपेअर केलेली झुंबरं तर मुंबईत शेकड्याने आहेत, दहा लोलक जुने आणि पन्नास नवे. दिव्याची दांडी पण बघा, मेणबत्तीच्या झुंबराला नंतर वीज केली असेल तर वायर बाहेरून गुंडाळलेली किंवा उगाच भोक पाडलेलं दिसतं. दांडी पहिल्यापासून पोकळ आणि वायर आतून असेल तर ते बहुतेक विजेसाठीच बनलंय. आता मुंबईत टिकलेली वीज कंपनीच मुळात १९०५ ची, तेव्हा हिशोब करा.

आणि हो, इकडच्या जुन्या घरांत खऱ्या रोजच्या उजेडाला झुंबर नसायचंच, हंड्या असायच्या. पंखेवाला पंखा ओढायला लागला की उघड्या मेणबत्त्या विझायच्या, म्हणून वात काचेच्या आत. तुमच्या माळ्यावर एखादी हंडी असेल तर ती आधी शोधा, लोक ती फुलदाणी समजून देऊन टाकतात.

भंगारवाला_नाही

सगळे इतिहास शिकवतायत, मी पैशाचं बोलतो. मटण स्ट्रीटला (म्हणजे चोर बाजारात, शुक्रवारी जाऊ नका, बंद असतं) आणि ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात दोन्हीकडे चक्कर मारा, विकायला नाही, नुसतं बघायला. असंच टेबल गेल्या वर्षी बनवलेलं तुम्हाला दाखवतील, चहाचं पाणी मारलेलं, साखळीने ठोकून खड्डे पाडलेलं, पंजे नव्या पितळेचे ओतून ॲसिडने काळे केलेले. नकली जुनेपणाची एक खूण सांगतो, तो सगळीकडे सारखा असतो. खरं टेबल जिथे माणसं बसतात तिथे झिजतं, जिथे पोछा लागतो तिथे फिकं होतं, आणि जिथे कुणाचा हात जात नाही तिथे नव्यासारखं राहतं.

अँटिक आणि व्हिंटेज हे पण लोक एकच समजतात. बाजारात साधारण शंभर वर्षांवरचं ते अँटिक, त्याच्या अलीकडचं व्हिंटेज, आणि 'रीजन्सी स्टाइल' हा शब्द दोन्हीला आणि काल बनवलेल्यालाही चालतो, म्हणूनच तो डीलर लोकांचा लाडका शब्द आहे. खोटं पण नाही आणि खरं पण नाही.

कॅनडाचं विसरा. १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष धरली जाते आणि खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही असं वाटलं तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तसं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आणि शिसवी लाकडाचे एक्स्पोर्टचे नियम आणखी वेगळे. बहिणीला म्हणावं, ये इथे आणि बस खुर्चीवर.

पार्ल्याची_मावशी

मी एवढंच सांगायला आले की काहीही कर पण आत्ता पॉलिश करू नकोस गं बाई (दादा म्हणताहेत सगळे, पण 'विचार करून सांगते' असं लिहिलंयस तू). माझ्या सासूबाईंचं असंच एक बाजूला घड्या होणारं टेबल होतं, कडेने पितळेची तारेसारखी बारीक रेघ बसवलेली. नवीन जागेत जाताना माझीच हौस, चकाचक करून घेऊ. पॉलिशवाल्याने मशीन लावलं. संध्याकाळी घरी आले तर टेबल एकदम हॉटेलच्या रिसेप्शनसारखं, आणि पितळेची रेघ तीन जागी सपाट घासून गेलेली, एका कोपऱ्यात तर सुटून आलेली, ती त्याने फेविक्विकने चिकटवून वर मेलामाइन मारलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या टेबलावर परत कधी जेवायला बसल्या नाहीत एवढंच.

तेव्हा आधी कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या जागी टेकव. चिकट झालं तर ते चपड्याचं जुनं पॉलिश आहे, लाखेचं, आणि ते न घासता परत चढवता येतं, फक्त हाताने बोळा फिरवणारा माणूस शोधायला हवा. काही झालं नाही तर वर कुणीतरी आधीच नवं काहीतरी फासलंय.

झुंबराचे लोलक धुताना फोटो काढून ठेव, प्रत्येक माळ वेगळ्या ताटलीत. मी एकदा सगळे एकत्र बादलीत टाकले होते. तीन रविवार गेले.

खेतवाडी_तिसरी_गल्ली

मावशी बरोबर, दादा नाही ताई. सगळ्यांचे आभार, काल रविवार याच्यातच गेला आणि आईने मला वेड्यात काढलं पण शेवटी टॉर्च तिनेच धरला.

टेबल: फळी भरीव, पापुद्रा नाही, तीन पाट्या जोडलेल्या. खालून हात फिरवला तर खरंच लाटा लागतात, अंगावर काटा आला. रेषेत १२२.४ सेंटीमीटर आणि आडवं १२१.६. एक स्क्रू सैल होता तो काढला, टोक नाही, बोथट आहे आणि खाच एका बाजूला सरकलेली. आणि भारी गोष्ट म्हणजे खटक्याच्या ठोकळ्यावर आणि त्याच्या समोर फळीवर, दोन्हीकडे पटाशीने एकच आकडा कोरलाय. आधी वाटलं 'प' अक्षर आहे, मग खालच्या मजल्यावरच्या भाभींना बोलावलं, त्या म्हणाल्या हा आमचा पाच आहे, गुजराती पाच!

खुर्च्या: इथे मला काही कळेना म्हणून वजन केलं, बाथरूमच्या काट्यावर मी उभी राहून एकेक हातात घेऊन. एक ४ किलो २००, दुसरी ६ किलो १००. दिसायला जुळ्या! हलकीचा पाय जिथे रंग उडालाय तिथे आत लाकूड पांढरट आहे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं, झटकलं तर पीठ पडतं. जड खुर्ची आरपार काळी, भोक एक नाही. पाठीचा पीळ मोजला, हलकीला अकरा वेढे, जड खुर्चीला नऊ.

झुंबर: लोलकांना बाजूला शिवण आहे, सगळ्यांना. वायर आतून. म्हणजे गेलंच ना ते कामातून?

रंधा_पटाशी

ताई, हे भारी आहे, मी बायकोला वाचून दाखवलं.

टेबल इंग्लंडात बनलं नाही, मुंबईत किंवा सुरत-भरुचकडे शिकलेल्या कुणा मिस्त्रीच्या हातचं आहे. त्याला टेबलं एकाहून जास्त करायची असणार, म्हणून कुठला ठोकळा कुठल्या फळीचा ते कळायला आकडा. बोथट स्क्रू बघता १८५० च्या आधीचं असू शकतं, अर्थात जुने स्क्रू परत वापरतात म्हणून एका स्क्रूवर पैज नको. पण नक्षीकामाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे नुसता खांब आणि पंजे ना? पुढे मुंबईचं काळ्या लाकडाचं फर्निचर गाजलं ते वेलबुट्टी, पक्षी, द्राक्षं यांनी गच्च भरलेलं. तुमचं त्या आधीच्या, साध्या सरळ रेषेच्या आवडीचं दिसतंय. एशियाटिकचा टाउन हॉल १८३३ ला पूर्ण झाला, ते ग्रीक खांब आठवा, त्याच डोळ्यांचं हे टेबल.

खुर्च्यांची मेख हीच होती. इंग्लंडात स्वस्तातल्या खुर्च्या बीच लाकडाच्या करायचे आणि वरून शिसवीसारख्या रेघा रंगवायचे. म्हणजे पांढरट, हलकी, किड्यांनी खाल्लेली ती बहुतेक खरी विलायती. साहेबाबरोबर जहाजातून अख्खा सेट आला असेल, आपल्या हवेत एकेक खुर्ची भुंग्याने खाल्ली, आणि मोडलेल्या जागी साहेबाने इथल्या सुताराला सांगितलं अशीच कर. त्याने अस्सल शिसवीत केली, कारण नकली शिसवी कशी करायची हे त्याला माहीतच नसणार. वेढे मोजायचं कुणी सांगितलं नसेल म्हणून नऊ.

हलकीला लगेच कीडनाशक भोकाभोकात सिरिंजने देऊन प्लास्टिकमध्ये बंद करा आणि बाकी लाकडी सामानापासून लांब ठेवा, तो भुंगा दुसरीकडे जाईल. आणि कृपया त्यावर कुणाला बसवू नका.

फेज_न्यूट्रल

झुंबर कामातून कशाने गेलं? रीजन्सी नाही एवढंच. साच्यातली काच, पोकळ दांडी, म्हणजे विसाव्या शतकातलं. लिलावातलं नसेल, तुमच्या आजोबांनी नंतर घेतलं असेल. सगळी वायर काढून नवी टाका, अर्थची तिसरी वायर सांगाड्याला बांधा, होल्डर बदला आणि २७०० केल्विनचे एलईडी कँडल बल्ब लावा, पांढरे नको, पांढऱ्यात ते दवाखान्यासारखं दिसेल. गणपतीत चालू.

भंगारवाला_नाही

आता तो डीलर परत फोन करेल तेव्हा त्याला नुसतं विचारा, दोघींपैकी कुठल्या खुर्चीचे जास्त देतोस. उत्तर इथे टाका.

खेतवाडी_तिसरी_गल्ली

केला होता त्याने सकाळी! विचारलं. म्हणाला जड वालीचे. कारण "वो सॉलिड माल है".

आजीला सगळं सांगितलं तर ती हसत बसली. झुंबर तर म्हणे आजोबांनी लग्नानंतर घेतलं, लिलावाचं नाव उगाच. आणि जड खुर्चीला आमच्याकडे पहिल्यापासून पैलवान म्हणतात, लहानपणी कोपऱ्यातून ओढायची वेळ आली की आम्ही भांडायचो. पाहुणा आला की आजी न चुकता त्याला पैलवानवर बसवायची, हलकी करकरते म्हणून. विकत नाहीये आम्ही. टेबल उभं करून भिंतीला लावलं तर वन बीएचकेत मावतंय, मापं घेतली, फक्त खांब सुटा होतो का ते बघायचंय कारण तिथली लिफ्ट चिंचोळी आहे.

आता एकच. गिरगाव ते दादरच्या मध्ये कुणाला वेत विणणारा माणूस माहितीये का? प्लास्टिकचा नको, खरा वेत.

पार्ल्याची_मावशी

पूर्वी आमच्या ऑफिसात खुर्च्या विणायला एक दृष्टिहीन काका यायचे, बोटांनी चाचपून सहा पदरी जाळी अशी ताणून बसवायचे की नाणं टाकलं तर उडेल. त्यांनी ज्यांना शिकवलं त्यातला एक जण अजून काम करतो, विचारून मेसेज करते. वेत भिजवून विणून घे, ओला असला की तुटत नाही.